पडवीतलं गिमलेट

काल संध्याकाळी मी स्वतःसाठी गिमलेट केलं. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, दिवा चालू होता आणि समोरच्या इमारतीतल्या वहिनी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होत्या. त्यांना माझ्या ओट्यावरची बाटली दिसत होती. मी दिसू दिली.

ऑक्टोबर आला की मला गिमलेट करावंसं वाटतं. पाऊस गेल्यावर रत्नागिरीत दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवसापासून ऊन अंगाला चिकटायला लागतं. भाट्याच्या पुलावर खाडीचा वारा लागतो, तोही उबट. कातळाच्या सड्यावरचं हिरवं गवत आठवड्याभरात पिवळं पडतं. सहामाहीचे पेपर तपासताना कागद मनगटाला चिकटून वर येतात. आणि बाजारात कागदी लिंबं येतात, पातळ सालीची, चार महिने पाणी पिऊन गच्च झालेली. ती पाहिली की माझा हात आपोआप पिशवीकडे जातो.

मी शाळेत भूगोल शिकवते. शिक्षिकेने दारू घ्यावी का, हा प्रश्न समोरच्या वहिनींनी मला दोन वर्षांपूर्वी जिन्यात विचारला होता. भांडायला आल्या नव्हत्या, काळजीने विचारत होत्या. मुलांवर काय परिणाम होईल, असं म्हणाल्या. मी त्यांना म्हटलं, एकदा सहा वाजता या, माझ्यासमोर बसा, पूर्ण वेळ बघा आणि मग मला सांगा. त्या आल्या नाहीत. मी मात्र त्या दिवसापासून खिडकीचा पडदा ओढायचं बंद केलं.

हे उत्तर माझ्या डोक्यातून आलेलं नव्हतं. ते माझ्या आईचं. पंधरा वर्षांपूर्वीच्या अशाच एका ऑक्टोबरात तिने ते एका बाईला दिलं होतं, आणि ती बाई आली होती.

गिमलेट म्हणजे जिन आणि लिंबाचा गोड पाक, एवढंच. जे काही करायचं ते पाकात करायचं. दहा-बारा लिंबांची साल हलक्या हाताने काढायची, फक्त हिरवी. पांढरा भाग आला की कडवट झालं. त्या सालींवर साखर घालून बोटांनी चुरायची आणि झाकून ठेवायची. तीन-चार तासांनी साखर ओली होते, हिरवट दिसते आणि घरभर वास सुटतो. मग त्यात लिंबांचा रस पिळायचा, साखर विरघळेपर्यंत ढवळायचं आणि पातळ फडक्यातून गाळून घ्यायचं. गॅसवर ठेवायचं नाही, रस शिजला की त्याची धार जाते. प्यायच्या वेळी जिनचे तीन भाग, पाकाचा एक, भरपूर बर्फ, आणि घट्ट झाकणाचा डबा. डब्याला बाहेरून घाम फुटेपर्यंत हलवायचं. जिनला देवघरातल्या राळेसारखा वास असतो. लिंबाबरोबर तो मवाळ होतो.

हे बाबांनी घरात आणलं. बाबा मालवाहू जहाजावर चीफ स्टुअर्ड होते. कप्तानापासून शेवटच्या खलाशापर्यंत सगळ्यांच्या खाण्यापिण्याची जबाबदारी त्यांच्यावर असायची. एका म्हाताऱ्या कप्तानाने त्यांना गिमलेट शिकवलं होतं. तो सांगायचा की जुन्या काळी जहाजांवर लिंबाचा रस औषध म्हणून सक्तीने देत, आणि तो आंबट रस घशाखाली उतरावा म्हणून अधिकाऱ्यांनी त्यात जिन घातली. बाबांना ही गोष्ट फार आवडायची. आमच्या घरात पिणं नवीन नव्हतं. आजोबा माडावर चढून माडी काढत, जेवणाआधी पेलाभर घेत, आणि आजी त्याच माडीत आंबोळ्यांचं पीठ आंबवत असे.

आमचं गाव पूर्णगडच्या अलीकडे, खाडीच्या काठाला. त्या वर्षी ऑगस्टात बाबा नोकरी संपवून कायमचे घरी आले. मी चोवीस वर्षांची होते, बी.एड. होऊन घरी बसले होते, दोन शाळांत अर्ज टाकले होते. आई गावातल्या अंगणवाडीत सेविका होती. गावातली निम्मी मुलं तिच्या हाताखालून पहिलीत गेली होती, त्यामुळे लहानथोर सगळे तिला बाईच म्हणत. वर्षातले नऊ महिने नवरा समुद्रावर असताना एकटीने घर आणि शेत सांभाळलेली बाई ती. बाबा घरी आल्यावर तिने त्यांना दोन कामं लावून दिली, संध्याकाळचे मासे साफ करणं आणि सकाळी मोरीजवळचं पिंप भरणं.

बाबांची एकच सवय होती. रोज संध्याकाळी सहा वाजता ते पडवीत खुर्ची टाकून बसत आणि एक गिमलेट घेत. पाक आई करून ठेवायची, कारण बाबांची बोटं जाड झाली होती आणि साल काढताना पांढरा भाग यायचा. बाकीचं ते स्वतः करत. समोर खळं, खळ्यापलीकडे गावातला रस्ता आणि रस्त्यापलीकडे पिकत आलेलं भात. येणारे-जाणारे हाक मारत, बाबा ग्लास उचलून उत्तर देत. अर्ध्या तासाने ग्लास रिकामा व्हायचा आणि बाबा उठायचे.

गावाला हे ठाऊक होतं. कुणी काही बोलत नव्हतं.

कापणी सुरू झाली त्या आठवड्यातली गोष्ट. आमच्या बांधाला लागून सरूकाकीचं शेत होतं. एका सकाळी ती कापायला आली नाही. आई बघायला गेली तर ती चुलीपुढे उजवं मनगट डाव्या हातात धरून बसलेली. विहिरीवर पाय घसरला म्हणाली. आईने जास्त विचारलं नाही. तिला रिक्षात घातलं आणि रत्नागिरीला दवाखान्यात नेलं. मीही बरोबर होते. हाड मोडलं होतं. प्लास्टर घालून परत येताना, पावसच्या पुढे कुठेतरी, सरूकाकी बाहेर बघत म्हणाली की विहीर नव्हती. पांडूकाका, म्हणजे तिचा नवरा, खाडीकडच्या गुत्त्यावरून आले होते आणि त्यांनी हात पिरगाळला होता. मग लगेच म्हणाली, तसा माणूस वाईट नाही, दारू पोटात गेली की त्याचा तो राहत नाही.

हे वाक्य त्या महिन्यात मी किती बायकांच्या तोंडून ऐकलं. शब्द थोडे इकडेतिकडे, पण वाक्य तेच.

गुत्ता अनंताचा होता. हातभट्टीची दारू, परवाना वगैरे काही नाही. अनंता मात्र दिसायला सभ्य माणूस, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अदबीचं. गुत्ता बंद व्हावा म्हणून आईने बायकांना बोलवायला सुरुवात केली. अंगणवाडी सुटल्यावर त्या आमच्या पडवीत जमायच्या. पहिल्या दिवशी पाच जणी आल्या, दुसऱ्या दिवशी अकरा. विळे बाजूला ठेवून, डोक्याला बांधलेली फडकी सोडून बसायच्या. अंगाला भाताची कुसं चिकटलेली असायची. ग्रामसभेत ठराव मांडायचा असं ठरलं.

तिसऱ्या दिवशी बोलता बोलता सहा वाजले.

बाबा आतून डबा आणि बाटली घेऊन आले, पडवी भरलेली पाहून दारातच थांबले आणि मागच्या दारी जायला वळले. आईने त्यांना हाक मारली. रोज बसता तिथेच बसा, असं म्हणाली. बाबा अवघडून खुर्चीत बसले. डब्यात बर्फ वाजला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सरूकाकी उठली, गळ्यात अडकवलेला हात सावरत पायऱ्या उतरली आणि चालू लागली. आई तिच्यामागे बांधापर्यंत गेली. मीही गेले.

"बाय, मला त्यो वास आला ना, का मी आदी दार बघते," सरूकाकी म्हणाली. "तुमी गुत्ता बंद करा म्हनता, आनि तुमच्याच पडवीत..."

एवढं म्हणून ती बांधावरून घराकडे गेली. आई तशीच परत आली.

जेवताना बाबांनीच विषय काढला. मी सोडतो, म्हणाले. मला काही अडत नाही, तुझं काम होऊ दे. मला एकदम हलकं वाटलं, आणि हे आज लिहिताना मला लाज वाटते. मी बाबांच्या बाजूने जोरात बोलले. म्हटलं, माझे दोन शाळांत अर्ज आहेत, रत्नागिरी काही लांब नाही, उगाच आपल्या घरावर चर्चा कशाला. आई बांगड्याचं तिखलं वाढत होती. तिने आमच्या दोघांच्या ताटात वाढलं, स्वतःच्या ताटात वाढलं आणि मग बाबांना म्हणाली, "तुम्ही सोडलीत तर लोक म्हणतील, पकडली गेली म्हणून सोडली. पकडलं जावं असं मी काही केलेलं नाही. तुम्हीही नाही."

माझ्याकडे तिने पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरूकाकीकडे गेली. काय बोलली ते मला नंतर सरूकाकीनेच सांगितलं. उद्या सहा वाजता ये, असं आई म्हणाली. ह्यांनी पहिला घोट घेण्याआधी येऊन बस आणि मी जा म्हणेपर्यंत उठू नकोस. सगळं बघ. मग तू सांग. तू बंद म्हणालीस तर त्या दिवसापासून बाटली बंद.

बाबांना तिने हे घरी येऊन सांगितलं. ते म्हणाले, इतकी वर्षं कप्तानांना ग्लास दिले, पण असा पाहुणा कधी आला नव्हता.

सरूकाकी आली. खुर्चीवर बसली नाही. पायरीवर खांबाला टेकून बसली, म्हणजे उठून जायचं झालं तर रस्ता मोकळा. बाबा त्या दिवशी गोंधळले होते. जिन मापात ओतताना थोडी सांडली. मग त्यांचा जहाजावरचा हात आठवून आल्यासारखं झालं आणि ते तिला एकेक गोष्ट सांगत करायला लागले. ही जिन. हा लिंबाचा पाक, बाईंनी केलेला. इतकी जिन, इतका पाक. त्याच पाकात पाणी आणि मीठ घालून त्यांनी तिला सरबत दिलं. तिने ग्लास डाव्या हातात घेतला, आधी वास घेतला, मग घोटभर प्यायली.

बाबा सावकाश पीत होते. बोलणं भाताचं चाललं होतं. यंदा लोंबी भरली आहे, पण शेवटच्या पावसाने खालच्या शेताच्या कुणग्यात भात आडवं झालंय, रानडुकरं सड्यावरून उतरायला लागली आहेत. सरूकाकी हो-नाही करत होती, पण तिची नजर बाबांच्या हातावरून हलत नव्हती. ग्लासवर नाही, हातावर. मी दारात उभी राहून ते बघत होते, आणि तो हात कधी उठेल याची वाट ती बघते आहे हे लक्षात आल्यावर मला तिथे उभं राहवेना.

ग्लास संपला. बाबा उठले, मोरीवर गेले, ग्लास धुऊन पालथा घातला. मग बांगड्यांची टोपली ओढून बसले.

"झाला?" सरूकाकीने आईला विचारलं.

"झालं."

"आजून नाय घेनार?"

"नाही."

"मंग आता काय करनार?"

"मासे साफ करणार. मग जेवणार," आई म्हणाली.

मोरीवरून सुरीचा आवाज येत होता. सरूकाकी बराच वेळ पायरीवर बसून राहिली. समोरच्या शेतातून शेवटचे भारे घेऊन माणसं जात होती. मग अगदी हळू, आईकडे न बघता ती म्हणाली, "म्हंजे ती दारू नव्हती गो बाय. त्योच व्हता."

ती रडली नाही. अठरा वर्षं तिने घरात दोन माणसं मानली होती, एक आपला नवरा आणि एक ती दारू, आणि सगळा राग एकीवर काढून दुसऱ्याला जेवायला वाढलं होतं. त्या पायरीवर त्या दोघांचा एकच माणूस झाला. मला आजही वाटतं की मोडलेल्या हाडापेक्षा हे तिला जास्त दुखलं असेल.

आईने तिला विचारलं, मग बंद करू का? सरूकाकी म्हणाली, गुत्ता बंद करा, ह्ये ऱ्हाऊ दे. आणि जाताना म्हणाली, सभेत मी बोलन.

ग्रामसभा शाळेच्या मोठ्या वर्गात भरली. अनंता पहिल्या रांगेत होता. आईने ठराव वाचला, त्यानंतर तो उठला. आवाज चढवला नाही. म्हणाला, बाई आम्हाला आईसारख्या, माझी मुलं त्यांच्याच हाताखाली शिकली. पण बाईंनी आधी एक सांगावं, त्यांच्या घरात बाटली आहे की नाही. गरिबाने घेतली की ती दारू आणि जहाजवाल्याने घेतली की ते काय, औषध? वर्गात हसण्याची लाट आली. मागे बसलेले बाबा उठू लागले. आईने त्यांना हाताने बसवलं. मी खाली मान घालून बसले होते.

"आहे," आई म्हणाली. "माझ्या घरात बाटली आहे. तिचा परवाना आहे. माझा नवरा रोज सहा वाजता एक ग्लास घेतो, त्यातला लिंबाचा पाक मी माझ्या हाताने करते. तो पडवीत बसून घेतो. रस्त्याने जाणाऱ्या सगळ्यांना दिसतो, अनंता, तुलाही दिसला असेल. उद्या माझ्या नवऱ्याने माझ्यावर हात उगारला तर मी याच सभेत येऊन सांगेन. तुझ्याकडून पिऊन जाणाऱ्यांपैकी किती जणांच्या बायका असं सांगू शकतील, ते विचार."

कुणी हसलं नाही. आणि मग सरूकाकी उभी राहिली. पांडूकाका खिडकीजवळच्या बाकावर बसले होते. ती त्यांच्याकडे तोंड करून बोलली.

"माजा हात दारूनं मोडला नाय. ह्यांनी मोडला. गुत्ता बंद व्हवो नायतर ना व्हवो, परत हात उचलला तर मी त्या घरात ऱ्हानार नाय. ह्ये लिवून घ्या."

ग्रामसेवकाचं पेन थांबलं. इतिवृत्तात हे कुठे बसतं, असं काहीतरी तो पुटपुटला. आई म्हणाली, "लिहा." त्याने लिहिलं. ठरावाला बायकांचे हात सगळे एकदम वर गेले. पुरुषांचे एकेक करून, आजूबाजूला बघत. पण पुरेसे गेले.

गुत्ता बंद झाला. पुढे काही महिन्यांनी तो खाडीपलीकडे सुरू झाला आणि ज्यांना जायचं होतं ते तरीने गेले. ते लपवण्यात अर्थ नाही. पांडूकाकांनी सभेनंतर चौथ्या दिवशी पुन्हा हात उगारला. सरूकाकी डाव्या हातात बोचकं घेऊन आमच्या मागच्या खोलीत राहायला आली. नंतर पांडूकाका मुंबईला भावाकडे निघून गेले. तेव्हा ती आपल्या घरी परतली, आणि एकटीने घरही चालवलं आणि शेतही.

पण त्याआधी आईला कागद आला. कुणीतरी वर तक्रार केली होती, नाव न घालता. अंगणवाडीत काम करणारी बाई घरात दारू बाळगते. सात दिवसांत लेखी खुलासा करावा. वीस वर्षांची नोकरी होती ती. बाबा म्हणाले, मी लिहितो की बाटली माझी, हिचा संबंध नाही. मी म्हटलं, लिही की आता घरात काही नाही. आईने दोघांचं ऐकून घेतलं आणि कागद घेऊन खळ्यात गेली. तिथे झोडणी चालली होती. सगळीकडे धूळ आणि पेंढ्याचा गोड वास. तिने पाटावर बसून, मांडीवर हजेरीची वही घेऊन खुलासा लिहिला. मला फक्त शुद्धलेखन बघायला दिलं.

तिने लिहिलं होतं: माझ्या घरात दारू आहे. परवान्याची झेरॉक्स जोडली आहे. माझे पती रोज एक ग्लास घेतात. त्यांनी माझ्यावर किंवा मुलीवर कधीही हात उगारलेला नाही. गावातील ज्या घरांमध्ये हात उगारला जातो, त्या घरांतील स्त्रियांनी स्वतःहून दिलेली नावं सोबत जोडली आहेत. माझ्या अंगणवाडीतील मुलं त्या घरांतून येतात. कृपया तिथेही विचारणा व्हावी.

नावं गोळा करायला तीन दिवस लागले. अकरा जणींनी दिली. दोघींनी संध्याकाळी येऊन आपली नावं खोडायला लावली. त्यातली एक सकाळी पुन्हा आली आणि खोडलेल्या नावाखाली परत नाव लिहून गेली. सरूकाकीने डाव्या हाताने सही केली. ती सही ओळीच्या बाहेर गेली होती.

खुलासा पोस्टात टाकून आई घरी आली तेव्हा सहा वाजायला आले होते. बाबा डबा हलवत होते. आई त्यांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, मलाही द्या. इतकी वर्षं पाक करत होती, पण चव कधी घेतली नव्हती. बाबांनी दुसरा ग्लास भरला. आईने घोट घेतला, डोळे मिटले, पुन्हा घेतला. बरं लागतं, म्हणाली. अर्धा ग्लास झाल्यावर तिने तो बाबांकडे सरकवला. बाबा म्हणाले, माझा एक झाला. मग तिला तो सगळा संपवावा लागला. रिकामा ग्लास खाली ठेवत ती म्हणाली, "आता माझाही परवाना काढा." बाबा इतके हसले की रस्त्यावरून जाणारा माणूस थांबला.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. आई गावीच असते. निवृत्त झाली आहे, गुडघे कुरकुरतात. मला नोकरी लागली ती त्याच हिवाळ्यात. मुलाखतीत घराबद्दल कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं, याची मला आजही खात्री नाही. बहुतेक मी खोटं बोलले असते. म्हणून आता बोलते. शिक्षकांच्या खोलीत बोलते, जिन्यात बोलते, आणि इथे लिहिते. मी दारूची तरफदारी करत नाही. तिच्या नावाखाली ज्यांनी आपले हात लपवले, त्यांची मात्र मी गय करणार नाही. लपवायला त्यांना जागा मिळते ती आपण पडदे ओढून घेतो म्हणून.

त्या ऑक्टोबराचा शेवट नोव्हेंबरात झाला. खुलासा जाऊन तीन आठवडे लोटले होते. एका दुपारी एसटीतून अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका बाई उतरल्या, कडक उन्हात, काखेत फाइल. आम्हाला वाटलं, कामावरून काढल्याचा कागद घेऊन आल्या. आई आणि सरूकाकी खळ्यात शेवटचं भात पाखडत होत्या. आई उठली नाही. मी पाणी आणून दिलं. बाईंनी पाणी प्यायलं, फाइल उघडली, आईचा खुलासा आणि नावांचा कागद बाहेर काढला.

मग त्या म्हणाल्या की खुलासा मान्य झाला आहे, त्याबद्दल काही नाही. पण या दुसऱ्या कागदाचं काय करायचं हे कुणाला कळत नाही. तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरला आणि शेवटी त्यांच्याकडे आला. त्यांनी तो येताना एसटीत पुन्हा वाचला. त्यांच्याकडे आणखी तीन गावं आहेत. तिथल्या बायका त्यांच्याशी हळू आवाजात बोलतात, पण नाव लिहून द्यायला कुणी तयार होत नाही.

"तुम्ही याल माझ्याबरोबर?" त्यांनी विचारलं. "परतीची गाडी अर्ध्या तासाने आहे."

आईने सूप खाली ठेवलं. कुसं झटकली, पदराने चेहरा पुसला आणि सरूकाकीला म्हणाली, सरू, चप्पल घाल. मग त्या बाईंकडे वळली.

"भात आलं घरात," ती म्हणाली. "आता वेळच वेळ आहे. चला."